पाणी लागलं

“…पण मग पंधरा दिवस तलावात कोणी पायही नाही घातला, तर बाटली काळी झाली कशी?”

वैजंतीनं विचारलं आणि पदराखाली लपवून आणलेली बाटली भिवरामायपुढे ठेवली.

भिवरामायनं बाटलीकडे पाहिलं नाही. मांडीवर जाळं पसरून ती फाटलेली गाठ शोधत होती.

वैजंती उभीच राहिली. कडेवर आठ महिन्यांची तन्नू, खांद्याला पिशवी, कपाळावरून घामाची धार. तलावाच्या पाळीवरचे दगड असे तापलेले की चपलेतून चटका बसावा. अडीच वाजून गेले होते. चारला नळ सुटणार होता.

“माय, मी तुम्हाला विचारून राहिली.”

“ऐकलं.”

“मग?”

आता ही बाटली काय चीज आहे ते सांगायला हवं.

मोहटोला गाव उतारावर वसलेलं. खाली तलाव. तलावाच्या काठाला, पाण्यापासून तीसेक पावलांवर, पंचायतीची विहीर. विहिरीचं पाणी टाकीत चढतं, टाकीतून गावाच्या नळांना जातं. त्या पाण्याची तपासणी करायला गावातल्या बायका शिकवाव्यात असं वरून ठरलं, तेव्हा तालुक्याला पाच जणी गेल्या. दोघी पहिल्या दिवशी नाश्ता करून परत आल्या, दोघी काचेच्या नळ्या पाहूनच घाबरल्या. सातवी पास वैजंती नेवारे तेवढी तीन दिवस टिकली आणि निळा डबा घेऊन गावात आली. डब्याला कुलूप. किल्ली मंगळसूत्राला.

बाटलीचं काम सोपं. पाणी भरायचं, झाकण लावायचं, सावलीत ठेवून द्यायचं. पिवळं राहिलं तर ठीक. काळं झालं तर त्यात माणसाजनावराची घाण. घाण जेवढी जास्त, तेवढी बाटली लवकर काळी. तपासायला घेतलेल्या पाण्याला तिकडे ‘नमुना’ म्हणतात. वैजंतीही नमुना नमुना म्हणायला लागली, आणि गावानं तिचं नावच ठेवलं, नमुनाबाई.

“आली बघ, नमुना घ्यायला!”

“घ्यायला कायले? हीच एक नमुना!”

ती हसण्यावारी न्यायची. सही मात्र तिचीच चालायची. तिनं लिहिलं पाणी चांगलं, तर चांगलं. तिनं लिहिलं वाईट, तर नळ सोडणारा रूपचंद टाकीचा वॉल फिरवायचा नाही.

आणि मग तीन आठवड्यांमागे एकाच हप्त्यात गावातली तीन लेकरं हगवणीनं दवाखान्यात गेली. त्यातली एक तन्नू. मुठीएवढ्या हाताला सुई लावायला नर्सबाईला शीर सापडेना. चार वेळा टोचलं. चौथ्या वेळी लेकरू रडलंसुद्धा नाही, नुसतं आईकडे पाहत राहिलं… ते पाहणं वैजंतीच्या डोळ्यापुढून जात नव्हतं.

दवाखान्यातून आली ती तडक विहिरीवर गेली. बाटली भरली. एका रात्रीत डांबरासारखी काळी.

तिनं नळ बंद करवला आणि मग तलावावर जाऊन उभी राहिली. धुणं धुणाऱ्या बाया उठवल्या. म्हशी हाकलल्या. मासे धरणाऱ्या ढिवरांची जाळी काढायला लावली. म्हणाली, “पंधरा दिवस तलाव मोकळा ठेवा. पाणी आपोआप साफ होईल. नाही झालं तर माझं नाव बदला.”

“नाव तं आम्ही कधीचं बदललं,” कोणीतरी मागून म्हणालं. पण ऐकलं सगळ्यांनी. लेकरांचा मामला होता.

पंधरा दिवस बायांनी फाट्यावरच्या बोअरवरून पाणी आणलं. जायला अर्धा तास, यायला पाऊण. पंधरा दिवस ढिवरांच्या घरात मासा शिजला नाही. आज पंधरावा दिवस. काल सकाळी तिनं पुन्हा बाटली भरली होती, आणि ती आज भिवरामायपुढे होती. काळी. गावात अजून कोणालाही ठाऊक नव्हतं.

भिवरामाय ढिवरांची म्हातारी. सत्तरीच्या पुढची. नवरा गेल्यापासून पाळीवरच्या झोपडीत एकटी. दुखतखुपत असलं की लोक तिच्याकडे जात, कारण दवाखाना नव्हता तेव्हा अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलं होतं. वैजंतीसुद्धा.

पण वैजंती आज तिच्या पाया पडायला आली नव्हती. ती भांडायला आली होती.

“तुमच्याच माणसांनी जाळं टाकलं असणार,” ती म्हणाली. “चोरून. पहाटेच्या पारी.”

“हात लाव.”

“कशाला?”

“जाळ्याले हात लाव.”

वैजंतीनं वाकून जाळं चिमटीत धरलं. सूत वाळून कडक झालेलं. बोटात धरताच वाळल्या काडीसारखं कुरकुरलं. पाण्याचा वाससुद्धा उरला नव्हता त्यात.

“सगळ्याइच्या घरी जा,” भिवरामाय म्हणाली. “सगळ्याइच्या जाळ्याले लाव.”

वैजंतीनं हात मागे घेतला.

“मग यशोदा असेल. तिला मी घाटावरून उठवली तेव्हापासून ती मला पाण्यात पाहते. मुद्दाम उतरली असेल.”

“तू पाह्यली?”

“नाही.”

“कोनी पाह्यली?”

“…नाही.”

“म्हशी?”

“म्हशी तर आल्याच नाहीत. आल्या असत्या तर खुरं दिसली असती चिखलात.”

“दिसली?”

वैजंतीनं खाली तलावाकडे पाहिलं. उन्हाळ्यानं पाणी आत सरकलेलं, काठाचा चिखल तडकलेला. त्या चिखलावर बगळ्याच्या पायांखेरीज एक ठसा नव्हता. ती रोज सकाळी हेच पाहायला येत होती. तिला हे ठाऊक होतं. तरी आली होती.

तन्नू कुरकुरायला लागली. वैजंती झोपडीच्या सावलीत टेकली आणि पदराआड घेऊन तिला पाजू लागली. जाळ्यात सुई जायची, यायची.

“बाटल्या किती भरल्या?” भिवरामायनं विचारलं.

“दोन. एक विहिरीची, एक तलावाची. शिकवलंय तसंच.”

“दुसरी कुठं हाये?”

वैजंती घुटमळली. मग पिशवीत हात घालून तिनं दुसरी बाटली काढली. पिवळी होती. बुडाशी जरासा काळपट दोरा धरू लागला होता, एवढंच.

“ही दाखवली नाही काहून?”

“ती बाटली खराब निघाली असेल. आतली पावडर जुनी असेल.”

“मागच्या वेळी?”

“मागच्या वेळी काय?”

“मागच्या वेळी पन दोन भरल्या होत्या?”

“हो.”

“पैली काळी कोनती झाली?”

“विहिरीची. सकाळी उठले तर काळी.”

“अन् तलावाची?”

“ती… दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तीही अर्धवट.” वैजंतीच्या कपाळाला आठी पडली. “पण काळी झालीच ना? घाण होतीच ना तलावात? म्हशी लोळत होत्या, बाया साबण…”

“मी नाही म्हनलं काय?”

“मग?”

भिवरामायनं दाताखाली सूत धरून तोडलं. पहिल्यांदाच मान वर करून तिनं तन्नूकडे पाहिलं, मग पदराकडे, मग विहिरीकडे.

“कोन कोनाले पाजते?”

“म्हणजे?”

“तलाव विहिरीले पाजते, का विहीर तलावाले?”

वैजंतीला हसूच आलं. रागाचं हसू.

“माय, हे पहिलीतलं लेकरू सांगेल. तलाव एवढा मोठा. विहीर त्याच्या काठाला. तलावाचं पाणी जमिनीतून झिरपतं आणि विहिरीत उतरतं. म्हणून तर विहीर तिथं खणली. आम्हाला चित्र काढून दाखवलंय ट्रेनिंगमध्ये.”

“हं.”

“हं काय?”

“मायच्या दुधात नाही, ते लेकराच्या पोटात कुठून आलं?”

वैजंतीनं हातातली पिवळी बाटली खाली ठेवली.

दोन्ही बाटल्या दगडावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक काळी. एक पिवळी. पंधरा दिवस ती काळीकडेच पाहत आली होती.

भिवरामाय गुडघ्यावर हात टेकून उठली. दोन्ही हात पुढे केले. वैजंतीनं लेकरू तिच्या हातात दिलं. म्हातारी पाळीवरून खाली उतरू लागली. विहिरीच्या खालच्या अंगाला, जिथं काठ संपून पाणी सुरू होतं, तिथं जाऊन थांबली.

“उतर.”

“पाण्यात? अहो, बंदी आहे.”

“कोनाची?”

“…माझी.”

“मंग?”

वैजंतीनं इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं चपला काढल्या, निऱ्या खोचल्या आणि पाय टाकला. पाणी कोमट होतं, भांडी घासून उरलेल्या पाण्यासारखं. चार पावलं गेली. गुडघाभर झालं. तेच कोमट.

“काही नाही इथं.”

“मागं ये. काठाकाठानं चाल. पाय उचलू नको, घासत ने.”

ती चिखलातून पाय ओढत विहिरीच्या समोर आली. आणि थबकली.

तळव्याखाली गार लागलं. चांगलं गार, माठातल्यासारखं. वर पोटऱ्यांना कोमट पाणी आणि खाली बोटांच्या बेचक्यांतून गार धार सरकत होती. तिनं पाय एक वीत सरकवला. तिथंही. आणखी एक वीत. तिथंही.

“काय म्हनते पाय?”

“गार आहे.”

“कोनत्या अंगानं येते?”

वैजंती डोळे मिटून उभी राहिली. गार धार टाचांना आधी लागत होती, बोटांना मग. ती तोंड तलावाकडे करून उभी होती. म्हणजे पाठीमागून. काठाच्या पोटातून.

“विहिरीकडून,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “पण हे उलटं कसं…”

“पावसाळ्यात सुलटं असते.”

“आणि उन्हाळ्यात?”

“तूच उभी हायेस ना त्याच्यात?”

उन्हाळ्यात तलाव खाली बसतो. वरच्या उताराच्या पोटातलं पाणी मात्र उतरत राहतं, आपल्या चालीनं, कोणाला न दिसता. वाटेत विहीर. मग तलाव. वैजंतीला हे कोणी चित्र काढून दाखवलं नव्हतं. तिला ते टाचेनं कळत होतं.

“विहिरीच्या मागं काय हाये?” भिवरामायनं काठावरून विचारलं. तन्नू तिच्या खांद्यावर पेंगायला लागली होती.

“काय आहे? उतार आहे. आमची नवी आळी आहे.”

“किती घरं?”

“सात.”

“त्याइचं घान पानी कुठं जाते?”

“बाहेर कुठंच नाही!” वैजंतीला एकदम जोर आला. हा प्रश्न तिच्या हक्काचा होता. “आमच्या आळीत उघड्यावर एक थेंब नाही. सातही घरांना संडास. प्रत्येकाला खड्डा. गावात पहिला मी खणून घेतला. वरून साहेब आले होते, फोटो काढून नेला माझ्या खड्ड्याजवळ. खालच्या आळीतल्या लोकांचे खड्डे दोन वर्षांत तुंबले, वास मारायला लागला. माझा चार वर्षांत एकदासुद्धा भरला नाही. मग यंदा आळीतल्या सगळ्यांनी माझ्याच मापानं खणले. दोरीसुद्धा माझीच नेली मोजायला.”

“किती खोल?”

“अठरा फूट. खालच्या आळीत सगळे पाच-सहा फुटांवर थांबले, आळशी. मी नाही थांबले. मजूर म्हणायचे, बाई, बस झालं. मी म्हटलं, बस नाही. खणत राहा.”

“कुठवर?”

“पाणी लागेपर्यंत.”

तन्नूच्या पाठीवर भिवरामायचा हात हळूहळू फिरत होता. बराच वेळ फिरत होता…

“या लेकराले काय झालं होतं?” तिनं विचारलं.

“हगवण.”

“डॉक्टर काय म्हनला?”

“डॉक्टर म्हणाले, पाणी ला…”

शब्द वैजंतीच्या तोंडातच तुटला.

पायाखालची धार सरकत होती. टाचेकडून बोटांकडे. गार. न थांबता. चार वर्षांत एकदाही न तुंबता.

“पाणी लागलं,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे.

ती वळून वर पाहू लागली. उतारावर सात निळ्या दारांचे सात संडास ओळीनं उभे होते, शाळेतल्या पोरांसारखे. पहिला तिचा. त्याच्या खाली सरळ रेघ ओढली असती तर ती विहिरीच्या तोंडात उतरली असती.

“जो खड्डा भरत नाही…” ती पुटपुटली.

तेवढ्यात वरून शिट्टी आली.

नळ सोडायच्या आधी रूपचंद तीनदा शिट्टी वाजवायचा, बायांनी गुंड-बादल्या लावाव्यात म्हणून. अजून चार वाजले नव्हते. पण पंधरा दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर त्यालाही दम निघत नसावा.

वैजंती पाण्याबाहेर पडली. चपला घातल्या नाहीत. दगडावरची काळी बाटली उचलली आणि तशीच चढ चढू लागली. ओली साडी पायात गुंडाळत होती. तापलेल्या दगडांवर पाय भाजत होते. मागे लेकरू कोणाच्या हातात राहिलं हेही तिच्या ध्यानात नव्हतं.

दुसरी शिट्टी झाली.

पळता पळता तिच्या मनात येऊन गेलंच. खोटं कशाला बोला, येऊन गेलं. बाटली फोडून टाकावी. रूपचंदला म्हणावं, आणखी पंधरा दिवस बंद ठेव, ढिवरांनी जाळी टाकली. कोण तपासणार आहे? डब्याची किल्ली आपल्याच गळ्यात आहे. खड्डा रात्रीतून बुजवून टाकू, कोणाला कळणारही नाही. सात घरांशी वैर कोणी घ्यायचं? नवऱ्याला काय तोंड दाखवायचं? साहेबानं फोटो नेलाय…

टाकीखाली बायांची ही गर्दी. रूपचंद वॉलवर ओणवा, हातात चावी.

“थांब!”

सगळ्या वळल्या.

“आली नमुनाबाई!” यशोदानं कमरेवर हात ठेवले. मग तिची नजर खाली गेली. “अगं बाई! साडी कशानं ओली झाली वो? तलावात तं बंदी होती ना?”

हशा पिकला.

“आम्ही पाय बुडवला तं गुन्हा, हिनं डुबकी मारली तं नमुना!”

“अवो, पंधरा दिवसांची आंघोळ राह्यली असंल बिचारीची!”

रूपचंदही दात काढत होता. “सांगा बाई, सोडू ना?”

वैजंतीनं बाटली वर धरली.

हशा एका दमात थांबला. काळा रंग सगळ्यांना वाचता येत होता.

“नाही,” ती म्हणाली. “सोडू नको.”

“म्हंजे?” यशोदा दोन पावलं पुढे आली. “पंधरा दिवस आमची कंबर मोडली ते कायच्यासाठी? फाट्यावरून पानी वाह्यलं. तलावात कुत्रं नाही उतरलं. मंग आता कोनावर खापर फोडतेस? सांग ना! कोनी केली घान?”

ह्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर होतं. तिनं गर्दीत पाहिलं. पुढच्याच रांगेत रंभाबाई उभी होती, तिच्या कडेवर नातू, त्या तीन लेकरांतला, दवाखान्यातून कालच घरी आलेला. हाताला अजून पट्टी. त्यानं नळाच्या तोटीकडे हात केला होता आणि तो ‘पा… पा…’ करत होता.

“मी,” वैजंती म्हणाली.

“काय मी?”

“मी केली. माझ्या खड्ड्यानं. माझा संडासाचा खड्डा खाली पाण्याला लागलाय. तेच पाणी विहिरीत उतरतं. आमच्या आळीतले सातही खड्डे तसेच आहेत.”

कोणी हसलं नाही. कोणाला हसायचं सुचलं नाही.

मग तिच्याच आळीतली प्रमिला गर्दीतून म्हणाली, आणि अगदी हळू म्हणाली, “आमचा तं पाच फुटावर थांबवला होता मालकानं. तूच येऊन हसलीस. म्हणालीस, एवढ्यानं काय होते…”

“हो. म्हणाले होते.”

“दोरी तुझीच होती.”

“माझीच होती.”

“आता?”

“आजपासून सातही बंद. खालून बुजवून घ्यायचे, वाळू-मुरूम टाकून. पाच फुटांच्या वरच ठेवायचे. तोवर…” तिनं रूपचंदच्या हातातल्या चावीकडे पाहिलं. “तोवर नळ बंद. विहिरीचं पाणी कोणी उकळूनसुद्धा लेकरांना देऊ नका.”

“किती दिवस?”

“माहीत नाही.”

“पंधरा म्हन ना!” यशोदा म्हणाली. “तुले तं पंधराची सवय हाये.”

रूपचंदनं वॉलची चावी काढून खिशात टाकली. बायांनी रिकामे गुंड उचलले. फाट्याची वाट धरली. जाताना एकीनंही तिला शिवी दिली नाही. एखादीनं दिली असती, तर तिला बरं वाटलं असतं.

टाकीखाली ती एकटी उरली. हातात बाटली. पायांना फोड.

आणि मग तिला लेकराची आठवण झाली.

ती उतार उतरून पाळीवर आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. झोपडीच्या सावलीत कोरड्या जाळ्याची घडी करून भिवरामायनं त्यावर तन्नूला निजवलं होतं आणि पदरानं माशा वारत बसली होती. वैजंती समोर उभी राहिली. इतका वेळ कोंडलेलं सगळं आता तिच्या डोळ्यांत आलं, आणि ते पाणी नव्हतं, जाळ होता.

“झालं तुमच्या मनासारखं?”

भिवरामायनं तन्नूच्या गालावरची माशी उडवली.

“सांगून आली मी सगळ्यांसमोर. माझं नाव. माझा खड्डा.”

वैजंती एक पाऊल पुढे आली.

“माय, तुम्ही इथंच बसलेल्या असता. चार वर्षांमागे माझा खड्डा खणत होते, तेव्हाही इथंच होता. ओली माती वर येत होती ती इथून दिसत होती. पाण्याची वाट तुम्हाला तळपायानं कळते. लहानपणापासून कळते. मग तुम्ही एक शब्द का नाही बोलला?”

भिवरामायचा पदर हलत होता. माशी उठायची, बसायची.

“मी यशोदाला उठवलं, तेव्हा गप्प. तुमच्या लोकांची जाळी काढली, तेव्हा गप्प. पंधरा दिवस जाळं वाळवत बसलात आणि माझी मजा पाहिलीत.” तिचा आवाज फाटला. “माझी मजा पाहायची होती तर पाहा. पण माझ्या लेकराला चार वेळा सुई टोचली वो माय… रंभाबाईचा नातू मरता मरता वाचला. तुम्हाला सगळं माहीत होतं. मग सांगितलं का नाही?”

म्हातारीचा हात थांबला.

तिनं वैजंतीकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माया होती असंही म्हणवत नाही. मग वाकून तिनं झोपलेलं लेकरू अलगद उचललं आणि वैजंतीच्या हातात दिलं.

“मले कुठं माहीत होतं, पोरी?” भिवरामाय म्हणाली. “आत्ता तूच तं सांगितलं.”